पश्चिमेची भिंत

"यंदा झडी बांधायच्या न्हाईत," मी म्हणाले.

कोंडिबा शिडीवर होता. सुंभाचा तुकडा दातांत धरलेला, त्यामुळे त्याला लगेच बोलता आलं नाही. यंदा जेवायचं नाही असं मी म्हणाले असते, तर त्याने जसं पाहिलं असतं, तसं पाहिलं.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. पण मी लिहायला शिकले ती म्हातारपणी, आणि कागदावर ‘आमचे हे’ असं किती वेळा गिरवणार? तेव्हा नाव घेते, आणि नाव घेतलंच आहे तर अरेतुरेही चालवून घ्या.

महाबळेश्वरला पाऊस कसा पडतो ते मी सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की तिथले जुने बंगले पावसाच्या आधी गवताने मढवतात. चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, कामट्यांच्या चौकटी करायच्या, त्यांवर वाळकं गवत दाबून सुंभाने आवळायचं आणि वळचणीपासून जोत्यापर्यंत सगळ्या भिंती झाकायच्या. त्या चौकटी म्हणजे झडी. झडी बांधल्या की बंगला इरलं घेऊन वाकलेल्या बाईसारखा दिसतो. नाही बांधल्या तर जांभ्या दगडाच्या भिंती पाणी पीत राहतात, आणि एकदा पोटभर प्यालेली भिंत कधी बसेल याचा नेम नसतो.

आम्ही दप्तरदारांच्या बंगल्याची राखण करायचो. आम्ही म्हणजे माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, मग कोंडिबा आणि मी. मामंजींच्या बापापासूनची चाकरी. बंगल्याच्या मागे नोकरांसाठी एक लांबट खोली होती, तिच्यात आमचा संसार. खोली साहेबांची, पगारही साहेबांचा. आमचं म्हणायला चूल तेवढी. खाली कोयनेच्या खोऱ्यात आमचं गाव होतं ते धरणात गेलं. त्यामुळे ही खोली सुटली तर जायचं कुठे, हा प्रश्न आम्ही कधी मोठ्याने विचारत नसू.

त्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला पोट आलं होतं. पावसाचा सगळा मार त्याच अंगाने. खोली अरुंद, एका बाजूला चूल, म्हणून मामंजींची बाज त्या भिंतीलाच टेकलेली. त्यांना दमा, पाय अधू. ते भिंतीवर हात फिरवून म्हणायचे, "सूनबाई, ही गरवार हाय. कवा मोकळी व्हईल सांगता येत न्हाई."

आदल्या पावसाळ्यात तिचा वरचा कोपरा ढासळला. दिवसाढवळ्या, मी भाकरी थापत असताना. दगड बाजेच्या उशाकडे पडला. मामंजी तेव्हा दारात तंबाखू मळत बसले होते म्हणून वाचले. कोंडिबाने भोकात पत्रा खुपसला, पोती कोंबली. त्या पावसात मामंजी बसून झोपले. आडवं व्हायचं त्यांनी सोडलं.

आईसाहेब, म्हणजे साहेबांची आई, होत्या तोवर असं नव्हतं. त्या दर उन्हाळ्याला खोलीत यायच्या, भिंतीला तळवा लावायच्या, आणि तळवा गार लागला की दुसऱ्या दिवशी गवंडी हजर. त्या गेल्या आणि बंगला भाऊ-बहीण दोघांच्या नावावर झाला. बहीण मालूताई लांब कलकत्त्याला दिलेली. कारभार साहेबांकडे. मी दर उन्हाळ्याला भिंतीचा विषय काढायची, साहेब गोड बोलून पुढच्या उन्हाळ्याचं नाव सांगायचे. कोंडिबा एकदा म्हणाला, तुम्ही काही देऊ नका, मी ओढ्यातून दगड आणतो आणि माझ्या हाताने भिंत भरतो. तेव्हा मात्र साहेबांचा आवाज बदलला. नोकर स्वतः दुरुस्ती करायला लागला की उद्या घरच माझं म्हणतो, तेव्हा एका दगडालाही हात लावायचा नाही, अशी त्यांनी ताकीद दिली. म्हणजे करायचंही नाही आणि करूही द्यायचं नाही.

आदल्या उन्हाळ्यात साहेब एका माणसाला घेऊन आले. त्याच्याकडे मोजायची फीत होती. मला वाटलं, देव पावला. घरात होतं नव्हतं तेवढं दूध घालून मी त्याला चहा केला. त्याने बंगल्याला फीत लावली, फाटकापासून दरीच्या कडेपर्यंत लावली. आमच्या भिंतीकडे तो फिरकला तो फक्त लघवीला.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण माणसाला जे हवं असतं, तेच त्याला दिसतं.

तर त्या सकाळी मी झडी बांधायच्या नाहीत म्हणाले, आणि कोंडिबा शिडीवरून उतरला.

"डोस्कं फिरलं का तुझं?"

"भिंतीचं काम करा, मंग झडी बांधतो. असं सांगायचं सायबाला."

"मोठी पुढारीण लागून गेली. आगं, बंगला उघडा ऱ्हायला तर कुजंल."

"आन म्हातारा कुजला तर चालंल?"

त्याला पटलेलं नव्हतं. अंगणात गवताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या, कामट्या सोलून तयार होत्या. शेजारच्या बंगल्यांवर माणसं चढली होती. झडी बांधणं हे आमच्या घरात नुसतं काम नव्हतं. मामंजींनी बांधलेली झड वाऱ्यात हलत नाही अशी ख्याती होती. पाय गेल्यापासून ते बाजेवर बसून सुंभाचे बंद वळून द्यायचे, आणि गाठ सैल दिसली तर तिथूनच शिव्या घालायचे.

कोंडिबा त्यांच्याकडे गेला. न्याय मागायलाच गेला म्हणा. त्याला वाटलं, म्हातारा मला फाडून खाईल. मलाही तसंच वाटलं. आईसाहेबांचं मीठ खाल्लेला माणूस.

मामंजींनी सगळं ऐकलं. हातातला बंद अर्धा वळलेला होता, तो त्यांनी उलटा फिरवून उकलला आणि सुंभ बाजेखाली टाकला.

"सूनबाई म्हंती ते बराबर हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी कोंडिबानेही कधी ऐकली नव्हती. त्यांच्या बापाच्या वेळी, थोरल्या साहेबांनी एका वर्षी दाणागोटा द्यायचं टाळलं. तेव्हा बापाने काही भांडण केलं नाही. नुसत्या झडी बांधल्या नाहीत. गवतावर बसून बिडी ओढत राहिला. आभाळ भरून आलं तसे थोरले साहेब साताऱ्याहून भाड्याची मोटार करून आले, आणि मागे दाण्याची पोती.

"बंगल्याला पांघरूण पडल्याबिगर मालकाला झोप लागत न्हाई," मामंजी म्हणाले. "आपल्या हातात तेवढंच हाय. पर ते लई हाय."

त्या बोलण्याने मला बळ आलं. कोंडिबाने शिडी उचलून भिंतीला आडवी टेकवली.

आजूबाजूचे बंगले एकेक करून झाकले गेले. आमचा तेवढा उघडा, न्हाऊन केस पुसायला विसरलेल्या बाईसारखा. येणारे-जाणारे राखणदार फाटकात थांबायचे. एक जण म्हणाला, काय कोंडिबा, लगीनघर हाय का, आजून मांडव न्हाई पडला? दुसऱ्याने मला विचारलं, वैनी, मालकीणबाई झालासा का? मी म्हणाले, झाले की, या पाया पडायला. वरून हसत होते, आत मात्र एकच घोळत होतं. साहेब चिडले तर? खोली खाली करा म्हणाले तर? पण मग मी भिंतीकडे बघायची. त्या पत्र्याच्या फटीतून आरपार दरी दिसत होती.

बंगला बंद करायला साहेब दरवर्षी यायचेच. ते आले. बरोबर एक शेठ होते, पांढरे बूट घातलेले. गाडीतून उतरल्या उतरल्या साहेबांनी उघड्या भिंती पाहिल्या, अंगणातलं गवत पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. राग दिसेल, निदान धसका दिसेल, म्हणून. काहीच दिसलं नाही. ते व्हरांड्यात खुर्चीवर बसले आणि चहा मागितला.

मी चहा ठेवला. कोंडिबा खांबाआड उभा. मामंजींना आम्ही बाजेसकट बाहेर उन्हात आणलं होतं. त्यांचीच तशी इच्छा होती. मालक कसा वाकतो ते त्यांना आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

जे बोलायचं ते मी भांडी घासताना, सरपण आणताना घोकून ठेवलं होतं. ते बोलले. भिंतीचं सांगितलं, उशाकडे पडलेल्या दगडाचं सांगितलं. आईसाहेब तळवा लावून बघायच्या तेही सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "सायेब, आमी आडमुठी मानसं न्हाई. पर भिंत झाल्याबिगर औंदा झडी बांधणार न्हाई."

साहेबांनी चहाचा घोट घेतला. शेठकडे पाहिलं. शेठ जरासे हसले.

"बरं," साहेब म्हणाले. "नका बांधू."

मला वाटलं, टोमणा आहे. मोठी माणसं चिडली की अशीच थंड बोलतात. म्हणून मी पुन्हा सुरू केलं, की आमचं म्हणणं फार नाही, गवंडी चार रोज आला तरी...

"अगं, मी रागाने नाही म्हणत," साहेबांनी मला थांबवलं. अगदी मायेने, लहान पोराला समजवावं तसं. "यंदा झडी बांधायच्या नाहीत, हेच सांगायला मी आलो होतो. यंदाही नाही आणि पुढेही नाही."

मला कळेना. कोंडिबा खांबाआडून पुढे आला. "म्हंजी, सायेब? बंगला पडंल की."

"हां," शेठ म्हणाले. "बरोबर."

नंतरचं शेठनीच सांगितलं. जागा सरकारी भाडेपट्ट्याची, उभा बंगला पाडायला परवानगी मिळत नाही म्हणे. आपोआप पडला तर गोष्ट वेगळी. मग तिथे खोल्याखोल्यांचं हॉटेल होईल, दरीकडे तोंड करून. हे ते असं सांगत होते, की जणू आम्हाला ऐकून आनंदच व्हावा. मी हातात रिकामी किटली धरून उभी होते. किटली गरम होती आणि माझ्या हाताला ते कळत नव्हतं.

आमच्या हातात तेवढंच होतं. तेवढंच आम्ही उगारलं होतं. आणि समोरचा माणूस त्याचीच वाट बघत बसला होता.

"आन भिंत?" मी विचारलं.

"बंगलाच राहणार नाही, तर तुमची भिंत कशाला? तुम्ही पावसाळ्यात गावी जाऊन राहा."

"गाव धरणात हाय, सायेब," कोंडिबा म्हणाला.

"अरे हो," साहेब म्हणाले, आणि कप खाली ठेवला.

त्या ‘अरे हो’चा मला आजही राग येत नाही. नुसतं काहीतरी थिजतं.

एवढ्यात मामंजी बोलले. ते बाजेवर ताठ बसले होते. त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "धाकलं सायेब, आईसायेबांची तेवढी खोली झाकू का? येकच?"

"कशाला, आबा?" साहेब म्हणाले.

मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते माझ्याकडे वळले. खरं सांगायचं तर, माझे त्यांनी उपकारच मानले. मालूताईचा बंगल्यावर जीव फार. झडी का बांधल्या नाहीत म्हणून ती साहेबांना हैराण करणार होती. "आता तिला सांगता येईल, माणसांनीच नकार दिला. आणि ते खरंही आहे, नाही का?"

मी मान डोलावली. डोलावली! एवढी मी सुन्न झाले होते.

ते फार थांबले नाहीत. गाडी वळवताना शेठच्या ड्रायव्हरने ती मागे घेतली ती थेट फाटकाच्या खांबावर. घडीव दगडांचा जुना खांब, आधीच सुटत आलेला. तो डुलला आणि आडवा झाला. कोंडिबा सवयीने धावला. साहेबांनी काचेतून हात हलवला.

"राहू दे रे. असंही पडायचंच आहे."

गाडी गेली. मला वाटत होतं, आता म्हातारा मला बोलणार. मी नकार दिला नसता, मुकाट्याने झडी बांधून टाकल्या असत्या, तर निदान बंगला पाडल्याचा बोल तरी आमच्या माथी आला नसता. कोंडिबाच्या मनातही तेच होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मामंजींनी बाजेखाली हात घातला. उकलून टाकलेलं सुंभ वर काढलं आणि मांडीवर घेऊन वळायला लागले.

"बांधा आता," ते म्हणाले.

"आबा, सायेब न्हाई म्हणून गेला," कोंडिबा म्हणाला.

"म्हणून तर."

"मजुरी कोण देणार? आन कळलं तर हाकलून देईल आपल्याला."

"बंगला पडल्यावर काय गादीवर बसवणार हाय? आरं, त्यानं आपला नकार घेतला आन खिशात घातला. त्यो त्येच्या खिशात ठिवू नगंस." मग ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुझी काय चूक न्हाई. माझीच समज जुनी. मला वाटलं, मालक हाय म्हंजी बंगला त्याचा आसंल."

कोंडिबाने शिडी उभी केली आणि बंगल्याकडे नेली. मामंजींनी काठी आपटली.

"तिकडं न्हाई. आधी आपली."

आमच्या घरात हे कधी झालं नव्हतं. पहिली झड बंगल्याची, दुसरी बंगल्याची, सगळ्या बंगल्याच्या. उरलंसुरलं गवत खोलीला. कोंडिबा शिडी धरून उभाच राहिला. मग मीच फाटकापाशी गेले आणि खांबाचा एक दगड उचलला. जड होता. छातीशी धरून खोलीपर्यंत आणला आणि पश्चिमेच्या भिंतीपाशी टाकला. कोंडिबाने दगडाकडे पाहिलं, पडलेल्या खांबाकडे पाहिलं, आणि शिडी खाली ठेवून माझ्यामागे आला.

आम्ही ते पोट उतरवलं. भिंत आतून इतकी भिजलेली होती, की वैशाखाच्या उन्हातही मातीचा चिखल हाताला लागत होता. खांबाचे घडीव दगड तळाला घातले, जुने दगड वर. मामंजी बाजेवरून सांगत होते, सांधा सांध्यावर घेऊ नगा, दगड आडवा बशीव, तुझ्या आजाला बी एवढं कळत हुतं. शिव्या मात्र नेहमीपेक्षा कमी होत्या. मग खोलीला झडी बांधल्या, आणि त्यानंतर बंगल्याला. शेजारचे राखणदार आपापली कामं उरकून आले, काही न विचारता शिडीवर चढले. मांडव पडला एकदाचा, असं एक जण म्हणाला तेवढंच.

पुढे आम्हाला तिथून जावं लागलंच, ते काही चुकलं नाही. पण मामंजी गेले ते त्याच खोलीत, कोरड्या अंथरुणावर आडवे झोपून. हे सांगून ठेवते, कारण मला तेवढंच हवं होतं.

पण त्याआधी, त्याच वर्षी नवरात्र उठल्यावर साहेब आले. शेठही होते. दरवर्षी तोवर झडी उतरवून भिंतींना ऊन दाखवलेलं असतं. त्या वर्षी आम्ही उतरवल्या नव्हत्या. साहेबांनी पाहाव्यात म्हणून.

गाडी फाटकातच थांबली. कोणी उतरेना. मग साहेब उतरले आणि सावकाश चालत बंगल्यापर्यंत गेले. एका झडीची कड त्यांनी बाजूला केली, आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला कोरडी धूळ लागली. ते त्या बोटाकडे बघत राहिले. माणसाचा चेहरा असा पांढरा होताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

"साहेब," शेठ मागून हळूच म्हणाले, "तुम्ही तर मालूताईंना बंगला पडला म्हणून कळवलंय."

साहेबांनी कोंडिबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे कोणी करायला सांगितलं होतं?"

"कुनी न्हाई," मी म्हणाले.

साहेबांची नजर इकडेतिकडे फिरली आणि फाटकावर जाऊन थांबली.

"आणि तो खांब? फाटकाचा खांब कुठे गेला?"

मामंजी उन्हाला बसले होते, खोलीच्या बाहेर, पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून. त्यांनी अंगावरची घोंगडी सावरली आणि मागे न बघता भिंतीवर मुठीने दोनदा ठोकलं.

"ह्यो काय, हितं हाय," ते म्हणाले. "असंही पडायचंच हुतं न्हवं, सायेब."